किटली

तुम्ही विचारता, का ठेवून घेतलंत.
ते सोपं आहे. दार वाजलं, मी उघडलं,
बाहेर एक बाई, आणि तिच्या कोटात एक मूल.
विचारायचंच तर हे विचारा,
अकराच दिवस का.

आधी बर्फ.
बर्फाची जात चहाडखोर.
गोठ्याकडे गेलेली पावलं दाखवतो
आणि ती परतली नाहीत हेही दाखवतो.
पहाटे मी झाडू घेऊन उलटी चालत पुसत यायचे,
तर झाडल्याची खूण उरायची.
बुगच्या काठी एवढं स्वच्छ अंगण कुणाचंच नव्हतं.

मग यादी.
प्रत्येक घराच्या दाराआड टांगलेली, सही-शिक्क्याची.
क्साव्हेरी, गेनोवेफा, फेलेक.
तीन नावांना जेवढं पीठ तेवढंच पीठ.
पाच तोंडं तीन नावांत बसवताना
मी लापशी इतकी पातळ केली
की तिच्यात छताचं आढं दिसायचं.

आणि चर्चच्या फाटकावरचा कागद, दोन भाषांत.
आम्हाला एकही धड वाचता यायची नाही,
पण वाचून दाखवणाऱ्यांची गावात कधी वाण नसते.
आसरा देईल त्याला गोळी.
इथवर क्साव्हेरी मान डोलावत होता.
मग वाचणाऱ्याने न लिहिलेलंही वाचलं:
घरच्यांनाही.
त्या रात्री क्साव्हेरी फेलेकचे पाय मुठीत धरून झोपला.

बाईचं नाव ड्वोयरा. मुलगी पेसा.
पेसाला खोकला होता.
औषधवाल्याकडे जावं तर तो विचारणार, कुणाला?
फेलेकला म्हणावं तर फेलेक बाहेर
दणदणीत ओरडत खेळतोय.
म्हणून मी फेलेकला खोकायला शिकवलं.
चार वर्षांचं पोर. हुकमी खोकायचं.
जे शिकवलं नाही, तेही शिकलं.

नवव्या दिवशी, विहिरीवर, सगळ्या बायांदेखत
माझा पदर नव्हे, अख्खा घागरा ओढत म्हणाला,
आई, मिल्ख दे.
आमच्यात दुधाला म्लेको म्हणतात.
मिल्ख गावात वर्षभर कुणी मागितलं नव्हतं.
मागणारी घरं रिकामी झाली होती,
त्यांच्या गाद्या ह्याच बायांच्या खाटांवर होत्या.
एक माझ्याही.
रहाट थांबला. कुणी काही बोललं नाही.
मी हसले. हसायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाला किटली अडकवलेली.
निळी, कानाजवळ टवका उडालेला.
विन्सेंटीची. कुणीही ओळखेल.
आत दूध, वर गोठलेली साय.

दिवसभर आम्ही तिच्याकडे बघत बसलो.
घ्या, असं म्हणतेय, की मला कळलंय, असं?
विन्सेंटीने कधी कुणाला फुकट काही दिलं नव्हतं.
कधी कुणाचं वाईटही केलं नव्हतं.
आणि जाऊन विचारणं म्हणजे सांगणंच.
पेसा दूध प्यायली. आम्ही तिच्या ओठांकडे
विष शोधावं तसं बघत होतो.

अकराव्या रात्री क्साव्हेरीने त्यांना
ओढ्याच्या वाटेने जंगलापर्यंत सोडलं.
पाव दिला. माझे बूट दिले.
बर्फ पडत होता, पावलं बुजवत होता,
पहिल्यांदाच आमच्या बाजूने.
पुढचं मला ठाऊक नाही.
ठाऊक आहे म्हणणाऱ्यांवर तुम्हीही विसंबू नका.

युद्ध संपल्यावर विन्सेंटीची बायको आली,
अपोलोनिया, काळ्या शालीत, किटली न्यायला.
म्हणाली, दूध कुणासाठी होतं
ते त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही.
एवढंच विचारायला सांगून गेला,
खोकला बरा झाला का.

कुणाचा, ते तिने विचारलं नाही.
मी म्हटलं, झाला.
अंगणात फेलेक लाकडं फोडत होता.
मी किटली घासून दिली, दोनदा.